परदेशचें शिक्षण आणि आपलें शेत

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



परदेशीं शिकावयास जाण्याचा विषय आपल्या घरांत दोनच तऱ्हांनीं निघतो. एक तर 'तें मोठ्यांच्या पोरांचें काम' असें म्हणून बाप तो जागच्या जागीं बंद करतो. नाहीं तर पोरगा हट्टास पेटतो आणि बाप शेताला गिऱ्हाईक पाहूं लागतो. या दोन्ही तऱ्हांनीं आपलें नुकसान होत आहे. पहिल्या तऱ्हेनें हुशार मूल घरीं बसतें, दुसऱ्या तऱ्हेनें शेत जातें आणि पुष्कळदां मूलही फसतें. आम्ही आज हिशेब घेऊन आलों आहों. तो कान देऊन ऐका, आणि पटला नाहीं तर भर सभेंत विचारा.

आधीं एवढें सांगतों कीं ही वाट आपल्या लोकांस नवी नाहीं. समुद्र ओलांडला कीं धर्म बुडतो असें ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें, त्यांचींच मुलें पहिल्या बोटींत चढलीं आणि परत येऊन प्रायश्चित्त घेऊन मोकळीं झालीं. पण त्याच काळांत, १८८९ सालीं, सुतार जातींतल्या रखमाबाई मुंबईहून लंडनला वैद्यकी शिकावयास गेल्या. लहानपणीं लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदावयास जाणार नाहीं म्हणाल्या म्हणून त्यांच्यावर फिर्याद झाली होती, आणि मोठमोठ्या विद्वानांनीं वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठविली होती. त्यांच्या शिक्षणाचा पैसा त्यांच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या मंडळींनीं वर्गणीनें जमविला. १८९४ सालीं त्या डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरतेस बायकांच्या दवाखान्यांत त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें. मुलींना कशाला पाठवायचें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं ही गोष्ट घरीं जाऊन सांगावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला तर हिशेब म्हणूनच पाहण्यासारखा आहे. १९१३ सालीं ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षें बडोदें सरकारची नोकरी, असा करार होता. हे सयाजीराव स्वतः नाशिक जिल्ह्यांतल्या कवळाण्याच्या शेतकरी घरांत जन्मलेले, हें विसरूं नका. शिष्यवृत्ति संपली, लंडनचें शिक्षण अर्धें टाकून १९१७ सालीं बाबासाहेबांस परत यावें लागलें. मग त्यांनीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्रोफेसरी करून पगारांतून शिल्लक टाकली, छत्रपति शाहू महाराजांनीं मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानें पांच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० सालीं ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ सालीं तेथील मोठी पदवी त्यांनीं घेतली. शिष्यवृत्ति, स्वतःची कमाई, जाणत्याची मदत आणि स्नेह्याचें उसनें, अशा चार झऱ्यांचें पाणी एका विहिरींत आलें. या हिशेबांत जमिनीचा पैसा कोठें दिसत नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील पापळ गांवचे पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्ड येथें शिकून आले आणि १९३२ सालीं त्यांनीं अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. परदेशीं गेलेला एक माणूस परत आला म्हणजे किती घरांत दिवा लागतो, तें वऱ्हाडांत जाऊन पाहावें.

आतां आजचा हिशेब. विलायत म्हटली कीं आपल्यास इंग्लंड आणि अमेरिका हींच नांवें सुचतात. तेथील फी ऐकूनच आपला माणूस खालीं बसतो. इंग्लंडांत तर फी आणि जेवणखाण सोडून सरकारी औषधपाण्याकरितां विद्यार्थ्याकडून वर्षास ७७६ पौंड आगाऊ घेतात. त्या देशांची निंदा करावयाची नाहीं. आम्ही आज एकाच देशाचा हिशेब नीट फोडून सांगतों, म्हणजे दुसऱ्यांचा तुम्हांस तुमचा फोडतां येईल. तो देश जर्मनी.

जर्मनींत बहुतेक विद्यार्थी सरकारी विद्यापीठांत शिकतात, आणि या विद्यापीठांत शिकवणीची फी बहुतेक ठिकाणीं नाहीं. परक्या देशाच्या मुलासही नाहीं. ही कोणा राजाची मेहेरबानी समजूं नका. २००५ सालीं तेथल्या घटना-न्यायालयानें फीबंदीचा केंद्राचा कायदा रद्द केला, आणि त्यानंतर कांहीं प्रांतांनीं सहामाहीस ५०० युरोपर्यंत फी बसविली. विद्यार्थी रस्त्यावर आले. हेसन प्रांतास २००८ सालीं फी काढावी लागली. बव्हेरियांत २०१३ च्या जानेवारींत फीविरुद्ध सह्यांची मोहीम झाली. सही घरबसल्या चालत नव्हती, कचेरींत जाऊन करावयाची होती. दोन आठवड्यांत तेरा लाखांवर लोकांनीं सह्या केल्या आणि सरकार नमलें. शेवटीं राहिलेल्या नीडरझाक्सन प्रांतानें २०१४ सालीं फी उठविली. म्हणजे आपल्या मुलांस जी फी पडत नाहीं ती त्या देशांतल्या विद्यार्थ्यांनीं आणि लोकांनीं झगडून उठविलेली आहे.

पण 'फुकट' या एका शब्दावर कोणी भुलूं नये. बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतानें २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांस सहामाहीस १,५०० युरो फी लावली आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानें २०२४ पासून नव्या विद्यार्थ्यांस दोन ते सहा हजार युरोपर्यंत लावली आहे. जे देश पूर्वी फी घेत नसत त्यांपैकीं डेन्मार्कनें २००६ सालीं, स्वीडननें २०११ सालीं, फिनलंडनें २०१७ सालीं आणि नॉर्वेनें २०२३ सालीं आमच्यासारख्यांस दार लावून घेतलें. तेव्हां शेजाऱ्याचा पोरगा दहा वर्षांपूर्वीं कसा गेला हें ऐकून निघूं नका. या वर्षीं, त्या विद्यापीठांत, त्या विषयास काय पडतें तें विचारा.

फी नाहीं, पण पोट आहे. सहामाहीस विद्यापीठाची वर्गणी म्हणून साधारण शंभर ते साडेतीनशें युरो भरावे लागतात; पुष्कळ ठिकाणीं त्यांत गांवच्या बस-आगगाडीचा पासही येतो. खरा मोठा आंकडा राहण्याजेवण्याचा. व्हिसा देण्यापूर्वीं ते लोक वर्षाच्या खर्चाची तजवीज पाहतात, आणि सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम ११,९०४ युरो धरलेली आहे. एका युरोस शंभर रुपये भाव धरला तर ११ लाख ९० हजार रुपये होतात. हा पैसा एका बंद खात्यांत ठेवावा लागतो. येथें आपलीं माणसें घाबरतात, म्हणून नीट समजून घ्या: हा पैसा सरकार खात नाहीं आणि विद्यापीठही घेत नाहीं. कणगींत धान्य भरून ठेवावें आणि महिन्याच्या महिन्यास मोजून काढावें, तसे दरमहा ९९२ युरो मुलाच्याच हातीं येतात. शिष्यवृत्तीचें पत्र असेल तर तेवढ्या अंशानें कणगी भरावी लागत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों, आधीं शिष्यवृत्तीचा पिच्छा पुरवा.

शिकतांना काम करतां येतें. २०२४ पासूनच्या नियमानें विद्यार्थी वर्षांत १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस मजुरी करूं शकतो. २०२५ सालीं कायद्यानें ठरलेली किमान मजुरी ताशीं १२ युरो ८२ सेंट होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं 'कमवा आणि शिका' म्हणून आमच्या मुलांच्या हातीं फावडें दिलें, तेव्हां काम करून शिकण्याची लाज आपल्यांत उरलेली नाहीं. परंतु कागदावर हा हिशेब फार गोड दिसतो, आणि गोड हिशेबावरच माणूस बुडतो. भाषा आली नाहीं तोंवर बरें काम लागत नाहीं, आणि परीक्षेच्या महिन्यांत काम सोडावें लागतें. पहिल्या वर्षाचा पैसा हातीं असल्याशिवाय मजुरीच्या भरंवशावर मूल पाठवूं नये. पदवी झाल्यावर त्या शिक्षणास साजेसें काम शोधण्यासाठीं दीड वर्ष राहण्याची मुभा मिळते. त्याच्याही पुढें जाऊन संशोधन करावयाचें असेल, तर तेथें संशोधक विद्यार्थी पुष्कळदां पगारी नोकरच असतो. ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे.

कोणीं आणि केव्हां जावें? बारावी झालेल्या मुलास तेथें सरळ प्रवेश सहसा मिळत नाहीं, आणि पहिल्या पदवीचें शिक्षण बहुतेक जर्मन भाषेंतच आहे. आमचें मत असें कीं पदवी येथेंच, घरचें खाऊन घ्यावी आणि एम. ए., एम. एस्सी. किंवा वरच्या इंजिनियरीच्या दोन वर्षांकरितां जावें. या वर्गांचे पुष्कळ अभ्यासक्रम इंग्रजींतही आहेत. मात्र पदवीच्या तीन-चार वर्षांत जर्मन भाषा शिकून ठेवावी. पुण्यास आणि मुंबईस मॅक्स म्युलर भवन आहे, पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्येंही ती भाषा शिकवितात. इंग्रजीवर शिकतां येतें, पण बाजारांत आणि कारखान्यांत जर्मनच बोलावी लागते.

कारागीर घरांसाठीं एक निराळी वाट आहे, ती येथेंच सांगतों. जर्मनींत सुतारकाम, गवंडीकाम, यंत्रदुरुस्ती, विजेचें काम, रोग्यांची शुश्रूषा हीं कामें कारखान्यांत व शाळेंत अशी दुहेरी विद्या घेऊन शिकतात, आणि शिकणाऱ्यास पहिल्या महिन्यापासून पगार असतो. २०२५ सालीं सुरू करणाऱ्यास कायद्यानें पहिल्या वर्षीं कमींत कमी महिना ६८२ युरो होते. यास जर्मन भाषा बरीच यावी लागते आणि आधीं मालकाशीं करार व्हावा लागतो. वडिलांच्या हाताखालीं रंधा धरलेल्या मुलास ज्या कामाची येथें कोणी पदवी देत नाहीं, त्याच कामाची तेथें परीक्षा आहे आणि मान आहे. आमच्या बलुतेदारीनें हातास कसब दिलें, पण कागद कधीं दिला नाहीं.

आतां शिष्यवृत्त्या. महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जातींच्या ७५ मुलांस दरसाल मिळते. मराठा-कुणबी मुलांकरितां 'सारथी'मार्फत सयाजीराव महाराजांच्या नांवाची ७५ जणांची आहे. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त यांच्याकरितां निराळी योजना आहे. अलीकडे या योजनांत जगांतल्या पहिल्या दोनशें विद्यापीठांच्या यादींत आपलें विद्यापीठ असावें अशी अट आहे, आणि घरचें उत्पन्न ८ लाखांच्या आंत लागतें. जर्मनीचीं कांहीं बिनफीचीं सरकारी विद्यापीठें या यादींत बसतात. अटी दरसाल हलतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव गोष्टीवर जाऊं नये.

केंद्र सरकारची जी परदेश शिष्यवृत्ति १९५४-५५ पासून चालू आहे तिच्याविषयीं आम्हांस जास्त बोलावयाचें आहे, कारण तिच्या नियमांत तुमचें नांव लिहिलेलें आहे. 'भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर' हे शब्द तींत आहेत. गांवांतल्या किती जणांस हें ठाऊक होतें? एकूण जागा १२५. त्यांत अनुसूचित जातींस ११५, भटक्या-विमुक्तांस ६, आणि साऱ्या देशांतले शेतमजूर, सुतार, लोहार, कुंभार, विणकर मिळून सर्वांस ४. चार! एका तालुक्यास पुऱ्या पडणार नाहींत एवढ्या. २०२२ सालीं या योजनेंतून हिंदुस्थानचा इतिहास, संस्कृति व समाज यांवर परदेशीं अभ्यास करण्यास बंदी झाली. म्हणजे ज्या समाजानें आम्हांस खालीं ठेवलें त्याचा अभ्यास मात्र या पैशांत करावयाचा नाहीं. २०२५ सालीं १०६ मुलें निवडली गेलीं आणि आरंभीं पत्रें मिळालीं ४० जणांस. बाकीच्यांस पैसा असेल तर पाहूं असें उत्तर मिळालें. बव्हेरियाचे लोक कचेरीपुढें रांग लावून सह्या करतात आणि आम्ही आमच्या चार जागांची जाहिरातही वाचीत नाहीं. जागा वाढवून मागावयाच्या असतील तर आधीं त्या चार जागांस चारशें अर्ज गेले पाहिजेत.

याशिवाय युरोपच्या राज्यसंघाची इरास्मस मुंडुस नांवाची शिष्यवृत्ति आहे. तींत फी माफ, महिना १,४०० युरो, जास्तींत जास्त दोन वर्षें, आणि निदान दोन देशांत शिकावयाचें. जात विचारीत नाहींत, उत्पन्न विचारीत नाहींत. अर्ज त्या त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठांकडे सरळ करावा लागतो. जपान सरकारचीही शिष्यवृत्ति आहे, तिचा अर्ज त्यांच्या वकिलातीमार्फत जातो. तींत फी, भाडें आणि महिन्याचा खर्च मिळतो, आणि बारावी झालेल्यासही ती खुली आहे.

आतां दलालांकडे वळूं. आजोबांच्या काळीं कुळकर्ण्याच्या वहींत काय लिहिलें आहे हें वाचतां येत नसे, म्हणून शेत जाई. आज मुलास वाचतां येतें, तरी शहरांतल्या गुळगुळीत कचेरींत बसलेला एजंट सांगेल तें तो मानतो. त्या कचेरीचा खर्च कोठून निघतो? पुष्कळ परदेशी खाजगी कॉलेजें प्रत्येक मुलामागें एजंटास दलाली देतात. बिनफीचें सरकारी विद्यापीठ त्याला दलाली कशास देईल? म्हणून त्याच्या तोंडीं त्याचें नांव येत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यास, त्याचा बाप लोहार, अशाच एकानें जर्मनीचें म्हणून एक खाजगी कॉलेज सुचविलें आणि नुसत्या अर्जाचे दीड लाख मागितले. त्या रात्रीं आम्ही त्याच्याबरोबर बसून सरकारी दर मांडले. भारतीय प्रमाणपत्रें तपासणारी एपीएस म्हणून जी कचेरी आहे, तिचा दाखला २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा झाला. त्यास १८,००० रुपये. युनि-असिस्ट म्हणून अर्ज छाननारी संस्था आहे. तिचे पहिल्या अर्जास ७५ युरो, पुढच्या प्रत्येकास ३०. व्हिसाचे ७५. चार विद्यापीठांस अर्ज केला तरी शंभरच्या भावानें सारें मिळून ४२ हजार झाले, आणि कित्येक विद्यापीठें अर्जाचे कांहींच घेत नाहींत. बाप म्हणाला, 'मास्तर, बाकीचे एक लाख आठ हजार कशाचे?' त्याचें उत्तर त्या कचेरीनें अजून दिलेलें नाहीं. २०२५ सालीं बर्लिनच्या एका खाजगी विद्यापीठांतल्या भारतीय मुलांस देश सोडण्याचे हुकूम आले, हें वर्तमानपत्रांत आलेंच आहे. ज्यांनीं त्यांस तेथें नेलें त्यांची दलाली परत झाल्याचें मात्र आमच्या वाचनांत नाहीं.

कर्जाचीही एक गोष्ट बापमाणसांनीं ऐकावी. साधारण साडेसात लाखांवर शिक्षणाचें कर्ज पाहिजे असल्यास बँक तारण मागते. आणि २००२ च्या सरफेसी कायद्यानें शेतजमीन जप्तींतून वगळलेली असल्यामुळें बँका शेताचें तारण सहसा घेत नाहींत. परिणाम असा कीं घरवाला बँकेच्या दारावरून परत येतो आणि सरळ सावकाराच्या ओट्यावर बसतो, नाहीं तर बांधाशेजारच्यास शेत विकून मोकळा होतो. शेत गेलें आणि पहिल्या सहामाहींत मुलगा नापास झाला, तर त्या घरानें कोठें पाहावें? ज्या योजनेंत शेत विकावें लागतें ती योजना एक वर्ष पुढें ढकला. मुलानें तें वर्ष नोकरी करावी, भाषा शिकावी, पुन्हा अर्ज करावा. बाबासाहेबांनीं लंडनसाठीं तीन वर्षें वाट पाहिली.

शेवटीं कागद. हें आमच्या धंद्यांतलें आहे, म्हणून अधिकारानें बोलतों. आपलीं मुलें गुणांत मागें पडत नाहींत तितकीं नांवांत पडतात. शाळेच्या दाखल्यावर 'पांडुरंग', आधारवर 'पांडूरंग', दहावीच्या गुणपत्रिकेवर बापाचें नांव आधीं, पासपोर्टावर आडनांव शेवटीं. आणि इंग्रजी अक्षरें प्रत्येक ठिकाणीं निराळीं. मुलीचें लग्न झालें कीं तिसरें नांव. परदेशच्या कचेरींत बसलेल्या माणसाला हीं चार माणसें वाटतात. जन्मतारखेचें तेंच, पहिलींत घालतांना अंदाजानें जूनची एक तारीख सांगितली, ती जन्मनोंदीशीं जुळत नाहीं. ही दुरुस्ती मूल शाळेंत असतांना सोपी असते. दहावीनंतर अवघड, पदवीनंतर गॅझेटापर्यंत जावें लागतें. जातीचा दाखला, जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला यांसही महिने लागतात, आणि शिष्यवृत्तीची जाहिरात निघाल्यावर हातीं आठवडेच असतात. जर्मनीचें शैक्षणिक वर्ष ऑक्टोबरांत सुरू होतें, बऱ्याच अर्जांची मुदत १५ जुलैला संपते, कांहींची त्याच्याही आधीं. मागें मोजीत गेलें तर दोन वर्षें आधीं उठावें लागतें.

म्हणून येत्या रविवारीं सकाळीं आठ वाजतां ज्यांचें मूल आठवीपासून पुढें शिकत आहे त्यांनीं शाळेंत यावें. येतांना शाळेचा दाखला असल्यास तो, जन्माचा दाखला, आधार आणि गुणपत्रिका आणाव्या. आम्ही हजेरीपटाशीं ताडून पाहूं, चूक असेल तेथें दुरुस्तीचा अर्ज तेथेंच लिहून देऊं. मुलींचे कागद आधीं पाहूं. पैसे कोणीं आणूं नयेत. अर्जाच्या झेरॉक्सपुरते आणावेत.